डब्यावर लिहिलं होतं, गोठवू नये

आजारपणावर लिहिणारी माणसं शेवटी फार शांत होतात. त्यांना सकाळ सुंदर दिसायला लागते, शेजारणीबद्दल प्रेम वाटायला लागतं. मला तसलं काही झालं नाही. केस परत आले, ते आधीपेक्षा कुरळे आले, आणि राग होता तिथंच आहे. तरी लिहायला बसले, कारण माझ्यासारखी एखादी बाई आत्ता कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकड्यावर मांडीत फाइल घेऊन बसली असेल. सगळ्यांवर खेकसून झालं असेल आणि वर स्वतःलाच वाईट ठरवत असेल. बाई, होते चिडचिड. मलाही झाली, भरपूर झाली.

दुसरं कारण म्हणजे औषधाचा एक डबा. त्या डब्यापायी मी घरच्याच एका माणसाला महिनाभर नाही नाही ते बोलले. ते कसं झालं हे नीट सांगायचं आहे. म्हणून थोडं आधीपासून सुरू करते.

गाठ कुणाची

मी सुनिता. कवठे येमाईला राहते. गावाजवळच्या दूध शीतकरण केंद्राच्या लॅबमध्ये मला वीस वर्षं झाली. गावोगावचे टेम्पो कॅन घेऊन येतात, मी फॅट काढते, लॅक्टोमीटरनं डिग्री लावते आणि सगळ्यात आधी तापमान बघते. दूध गरम आलं की परत. मग समोर सोसायटीचा चेअरमन असो नाहीतर माझा सख्खा चुलता. टेम्पोवाले मला पाठीमागं काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथं लिहीत नाही.

अंघोळीच्या वेळी छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. दुसऱ्याचं दूध एका मिनिटात नापास करणारी मी, स्वतःची तपासणी मात्र दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, अशी ढकलत राहिले.

शिरूरला रिपोर्ट आला त्या दिवशी मिस्टरांनी रांजणगावच्या कंपनीत अर्धी रजा टाकली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडं न बघता मिस्टरांना विचारलं, "यांना जरा बाहेर बसवू या का?"

मी म्हटलं, "गाठ माझी आहे साहेब. यांना बाहेर बसवा पाहिजे तर."

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी इतका हळू उच्चारला, जसा काही तो आवाजानं जागा होईल. मिस्टरांनी दोनच प्रश्न विचारले. किती दिवस लागतील, आणि फर्स्ट शिफ्ट जमेल का. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. पुढं कळलं की घाबरलेला माणूस जे रोजचं आहे तेच विचारतो.

येताना रस्त्यात त्यांनी गाडी रसवंतीपाशी थांबवली. दोन रस सांगितले आणि ग्लासाला हातच लावला नाही. दोन्ही ग्लास मीच प्याले. 

दौंडचा गुरुवार

ऑपरेशन पुण्यात झालं. त्यानंतर केमोचे आठ डोस. पहिले चार लाल औषधाचे, पुढचे चार दुसऱ्या औषधाचे. लाल औषधाबद्दल एवढंच सांगते की आजही लाल सरबत पुढं आलं तर मी तोंड फिरवते.

डोससाठी आम्ही दौंड धरलं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याच्या डॉक्टर मॅडम यायच्या. शिवाय माझी मोठी बहीण, आक्का, कासुर्डीला राहते. यवतच्या अलीकडं, हायवेला लागूनच. कवठ्याहून बुधवारी संध्याकाळी तिच्याकडं जायचं, गुरुवारी डोस घ्यायचा, चार दिवस तिच्याकडंच पडून राहायचं आणि मग घरी, असं ठरलं.

आक्काचे मिस्टर म्हणजे आमचे दाजी. दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते, आता रिटायर आहेत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन आणि पिशवीत एक छोटी डायरी. त्यांच्या नोकरीत असं असायचं की स्टेशन मास्तर फोनवर सांगणार, अमुक गाडी तमुक लाइनला घ्या. हे ते सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवणार. तिकडून "बरोबर" आलं की वेळ टाकून लिहून ठेवणार आणि मगच रुळांचे सांधे बदलणार. नोकरी संपली, सवय गेली नाही. आक्कानं पाव किलो मिरच्या आणायला सांगितल्या तरी हे म्हणणार, "परत सांगतो. पाव किलो मिरच्या, हिरव्या, तिखट. बरोबर?" आक्का चाळीस वर्षं "बरोबर" म्हणत आलीय. मला त्याचा कंटाळा यायचा. आजारात तर मला ते पाच मिनिटंसुद्धा सोसवायचं नाही.

दवाखान्यातला गुरुवार सगळा वाट बघण्यात जायचा. आधी रक्त, मग रिपोर्टची वाट, मग मॅडमची वाट. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डोस न घेताच माघारी. शीर सापडायची नाही. टीव्हीवर कुणाचंतरी लग्न मोडत असायचं आणि त्याचा आवाज कमी करायचा रिमोट कायम हरवलेला. मंगल सिस्टर तेवढी चांगली होती. सुई टोचण्याआधी ती माझा हात गरम पाण्याच्या पिशवीखाली ठेवायची आणि म्हणायची, "ताई, शीर लाजाळू हाय तुमची, तुमच्यावर न्हाई गेली."

पाण्यात न विरघळणारं

पाचवा डोस, म्हणजे नव्या औषधाचा पहिला. आदल्या रात्री गोळ्या घ्यायला लावल्या होत्या, रिअॅक्शन येऊ नये म्हणून. ड्रिप सुरू झाली. दाजी समोर खुर्चीत बसून वेळ लिहीत होते. पाच मिनिटंही झाली नसतील, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग पाठीत कळ आली, आणि मग श्वासच मिळेना. मला हाक मारायची होती, आवाज निघत नव्हता. दाजी ओरडले, "सिस्टर!" रेल्वेतल्या माणसाचा आवाज तो, अख्खा दवाखाना गोळा झाला. मंगल सिस्टरनं आधी ड्रिप बंद केली, मग बाकीचं.

अर्ध्या तासानं मी बरी झाले आणि पहिलं काय केलं असेल तर भांडायला बसले. मॅडमना म्हटलं, "हे औषध आहे की काय आहे?"

मॅडम तरुण होत्या, पण त्यांना धीर होता. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "औषध चांगलं आहे. हिमालयातल्या एका झाडापासून काढतात. अडचण एवढीच आहे की ते पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून ते एका तेलकट द्रावणात विरघळवून देतात. तुम्हाला त्रास झाला तो बहुतेक त्या द्रावणाचा."

म्हणजे इतकं सगळं सोसून इथवर यायचं आणि औषध काय, तर पाण्यात विरघळत नाही. मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "मग आता?"

"आता तेच औषध वेगळ्या रूपात देऊ. पॉलिमरच्या अतिशय बारीक कॅप्सूल असतात, नॅनोकॅप्सूल म्हणतात. डोळ्याला काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. एकेका कॅप्सूलच्या पोटात औषध भरलेलं असतं. ते विरघळत नाही, पण पाण्यात सगळीकडं सारखं पसरून राहतं. तेलाची गरजच नाही."

हे मला चटकन कळलं. दुधाचंच आहे ते. दुधात स्निग्धांश कुठं विरघळलेला असतो? बारीक बारीक थेंब होऊन पसरलेला असतो. कारखान्यात ते थेंब आणखी बारीक फोडले की पिशवीतल्या दुधावर साय धरत नाही. मी मॅडमना हे सांगितलं तर त्या खूष झाल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला समजावणं सोपं आहे." आजारपणात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

बाहेरच्या जगाला समजावणं मात्र सोपं नव्हतं. औषध झाडाचं आहे ही बातमी कवठ्यात माझ्याआधी पोचली. एक आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "झाडपाल्याचंच हाय तर मग सलाईन कशाला? साल आणा, उकळा आन् प्या." मी म्हटलं, आत्या, ते पाण्यात विरघळत नाही. तर म्हणाल्या, "मग दुधात उकळ. तुझ्याकडं दुधाला काय तोटा?" दुसऱ्या एकीनं हळदीची बरणी आणून दिली. तिसरीनं सांगितलं की झाडाचं औषध गरम पडतं, केमो बंद कर. मी प्रत्येकीला तेच तेच सांगून दमले. चौथी आली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि आतून सांगितलं की सुनिता घरात नाही.

ते नवं औषध दवाखान्यात ठेवलेलं नसायचं. पुण्याच्या एका दुकानातून नातेवाइकानं आणायचं. थर्मोकोलचा डबा, आत जेलच्या गार पिशव्या, मधे बाटल्या. दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं. दाजींनी पहिला डबा आणला, तासाभरात ड्रिप संपली, छाती भरली नाही, श्वास अडकला नाही. बाटलीतलं औषध पांढरट होतं, पाणी घातलेल्या दुधासारखं. बाहेर असतं तर मी नापास केलं असतं.

हे अमृत आहे असं मात्र कुणी समजू नये. पायाची बोटं बधिर झाली ती झालीच. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि मी चार पावलं पुढं जाऊन परत यायचे. पण श्वास शाबूत होता. एक झाला, तीन राहिले, एवढं मी मनात धरून ठेवलं. तारखा चुकू द्यायच्या नाहीत, एवढंच माझ्या हातात होतं.

मीठ

नव्या औषधाच्या दुसऱ्या डोसच्या वेळी मे महिना होता. मी अर्धा दिवस केंद्रावर जायला लागले होते. घरात बसून लोकांची हळद घेण्यापेक्षा ते बरं. बुधवारी सकाळी लाईट गेली, जनरेटर चालू होईना, बाहेर टेम्पोंची रांग आणि दूध तापत चाललेलं. मी त्या टेम्पोवाल्यांवर ओरडत होते. त्यातच दाजींचा फोन येऊन गेला. डबा आदल्या संध्याकाळीच आणून आक्काच्या फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि कासुर्डीतही लाईट गेली होती. गार ठेवा असं मी सांगितलं. मला एवढंच आठवत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

संध्याकाळी कासुर्डीला पोचले ती सरळ आडवी झाले. डब्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गुरुवारी दवाखान्यात मंगल सिस्टरनं डबा उघडला आणि थांबली. "ह्यात मीठ कशाला टाकलंय?"

डब्यात बर्फाचं पाणी होतं, तळाला खड्याचं मीठ होतं आणि बाटल्या आतून दगड झाल्या होत्या. एक तिनं हातात धरून ठेवली. वितळली तसे पाण्यात पांढरे कण दिसायला लागले, तळाशी चोथा बसला. फ्रीजरमध्ये विसरलेलं दूध बाहेर काढल्यावर असंच दिसतं.

मॅडमनी बाटली उजेडात धरून बघितली आणि मान हलवली. "गोठलं की त्या कॅप्सूल फुटतात, एकमेकींना चिकटतात. हे शिरेत सोडता येणार नाही."

वीस वर्षं मी लोकांचे कॅन परत पाठवले. त्या दिवशी माझा डबा नापास झाला. दुसरं औषध मिळून डोस व्हायला एक आठवडा जाणार होता. मॅडम म्हणत होत्या की आठवड्यानं फार बिघडत नाही. मला ते ऐकूच आलं नाही. मला वाटलं, ह्या आठ दिवसांत आजार परत वाढणार. जे मी इतके दिवस दात-ओठ खाऊन धरून ठेवलं होतं, ते हातातून गेलं.

आणि मी दाजींवर घसरले. भर वॉर्डात.

"मीठ कुणी टाकायला सांगितलं होतं? कुल्फी लावायची होती का तुम्हाला?"

दाजींनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडं बघितलं, हाताला टोचून ठेवलेल्या सुईकडं बघितलं. मग तोंड मिटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"डब्यावर लिहिलंय ना, गोठवू नये म्हणून? वाचता येतं ना तुम्हाला? रेल्वेत इतकी वर्षं असंच काम केलंत का?"

"चुकलं," ते परत म्हणाले. "माझ्या ध्यानात आलं न्हाई."

मंगल सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं वळली. मी रडत होते, पण रडताना बोलायची थांबले नाही. यापुढं डबा तुम्ही आणायचा नाही, असं सांगून टाकलं. त्यांनी मान डोलावली, डबा बंद केला, खाली सांडलेलं मीठ हातानं गोळा केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आक्काचं घर

पुढचा डबा मिस्टरांनी रजा काढून आणला. दुसरा डोस आठवडा उशिरा झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिसरा. त्या सगळ्या दिवसांत मी दाजींशी कामापुरतं बोलले, तेही तोंड वाकडं करून. ते माझ्यासाठी शहाळं आणायचे आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवायचे. आक्का मला वाढायची, पाय चेपायची, अंथरूण घालायची. बोलायची मात्र नाही. आम्ही बहिणी लहानपणी भांडलो की एका ताटात जेवायचो पण बोलायचो नाही, तसं चाललं होतं. फरक एवढाच की आता एकीला कॅन्सर होता.

एकदा मात्र ती फुटली. मी नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलले होते, दाजींनी पाण्याचा तांब्या दिला त्यावर की असंच काहीतरी. आक्का पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"सुने, तुला आजार झालाय म्हून समदं बोलायची मुभा मिळाली व्हय गं? त्यो माणूस तुझ्या डोसाच्या दिशी सकाळपास्नं जेवत न्हाई. कवा बघितलंस का?"

मी म्हटलं, "जेवू नका असं मी सांगितलं नाही."

हे मी बोलले. लिहिताना लाज वाटते, पण बोलले ते बोलले.

डायरी

तिसऱ्या डोसनंतर मला ताप आला. दोन दिवस चढउतार चालली. मॅडमनी फोनवर विचारलं की ताप केव्हा केव्हा आला, किती होता. मला काही सांगता येईना. आक्का परातीत मळत होती, तिथूनच म्हणाली, "त्यांच्या डायरीत हायत समद्या येळा. टीव्हीपाशी बघ."

दाजी विहारात गेले होते. मी डायरी घेतली. तापाच्या वेळा होत्या, बरोब्बर. सकाळी इतका, दुपारी इतका, गोळी दिली, घाम आला. मॅडमना वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "व्वा, असे नातेवाईक सगळ्यांना मिळोत." फोन ठेवला आणि मी उगीचच मागची पानं चाळली. आक्कानं मला मुद्दाम डायरी उघडायला लावली की सहज, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या बुधवारचं पान असं होतं :

"७.००. लाईट गेली. फ्रीज बंद. डबा बंद ठेवला.
९.४०. सुनिताला फोन लावला. सांगितले, लाईट नाही, डब्यात जेलच्या पिशव्या आहेत. म्हणाली, बर्फात गच्च भरा, वरून खडे मीठ टाका, गारठा टिकतो. विचारले, डब्यावर गोठवू नये असे छापले आहे. म्हणाली, वीस वर्षे गार ठेवायचीच नोकरी करते, मला शिकवू नका. परत सांगितले. हो हो बरोबर, ठेवा आता, म्हणाली.
१०.३०. यवतहून बर्फ आणला. मीठ घरचे. सांगितल्याप्रमाणे केले."

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना केंद्रावरचा तो गोंगाट परत कानात आला. टेम्पोवाले, बंद जनरेटर, आणि मी सगळ्यांना ओरडून सांगतेय, कॅनभोवती बर्फ गच्च भरा, खडे मीठ टाका. वीस उन्हाळे मी हेच वाक्य बोलत आलेय. दुधाच्या धंद्यात आमचा एकच वैरी, उष्णता. गारठ्यानं कधी काही नासतं हे आमच्या डोक्यातच येत नाही. दाजींनी फोन केला तेव्हा मी त्यांनाही टेम्पोवाला समजून तेच वाक्य ऐकवलं असणार. आणि मी ते साफ विसरून गेले.

खाली गुरुवारची नोंद होती. अगदी छोटी.

"औषध नासले. सुनिता फार रडली. चूक आपल्याकडे घेतली. आधीच तिच्यावर खूप आहे. हे पान तिला दाखवू नये."

मी डायरी होती तशी ठेवली. दाजी आले. हातात पालकाची जुडी होती. मला बघून म्हणाले, "ताप हाय का?" मी म्हटलं, नाही. आता बोलावं, आत्ता बोलावं, असं तासभर चाललं माझं. बोलले काय तर, "चहा करू का तुम्हाला?" ते म्हणाले, "तू बस. आजारी माणसं चहा करत न्हाईत." मी बसले. संध्याकाळी मिस्टर आले आणि त्यांच्यामागं बसून मी कवठ्याला गेले, एक अक्षर न बोलता. कॅन्सर आहे म्हणायला मला एक मिनिट लागलं होतं, गावभर सांगितलं होतं मी. चुकलं म्हणायला तोंड उघडेना.

घरी आल्यावर स्वतःचा जो राग आला, तो आधीच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता. टेम्पोवाल्याचं दूध नापास केलं की मी त्याला पावतीवर कारण लिहून देते. या माणसाला मी महिनाभर कारण न देता नापास केलं होतं.

शेवटचा डबा

शेवटच्या डोसच्या आधीचा मंगळवार. सकाळी केंद्रावर दूध उतरून झालं, कंप्रेसर चालू होता. मी लॅबचं दार लावून घेतलं आणि फोन लावला.

"जय भीम. कासुर्डीवरून बोलतोय."

"दाजी, सुनिता बोलतेय. आजचा डबा पुण्याहून तुम्ही आणा."

त्यांनी आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पाव्हणं आननार हुते ना?"

"त्यांना ड्युटी आहे." खोटं होतं. त्यांची रजा मंजूर होऊन पडली होती.

"बरं. बोल. लिवून घेतो."

"दोन ते आठ डिग्री. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचा, बर्फाच्या कप्प्याला चिकटू द्यायचा नाही. लाईट गेली तर फ्रीज उघडायचा नाही. गुरुवारी जेलच्या पिशव्या घालून आणायचा. बर्फ नाही. मीठ नाही."

"परत सांगतो," दाजी म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. दोन ते आठ, मधला कप्पा, चिकटू द्यायचा न्हाई, एकेक शब्द, मधे थांबून, लिहीत लिहीत. मी "हो हो" म्हटलं नाही. पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर," मी म्हटलं.

"आनखी काय?"

"आणखी एक लिहा दाजी. मागच्या वेळी बर्फात मीठ टाकायला सुनितानं सांगितलं होतं. दाजींनी विचारलं होतं, तरी तिनं ऐकलं नाही. चूक सुनिताची."

 

"डायरी बघितलीस व्हय," दाजी म्हणाले.

"बघितली. तुम्ही लिहा. आणि परत सांगा."

"ते काय परत सांगायचं, पोरी."

"सांगा. त्याशिवाय मी बरोबर म्हणणार नाही."

पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"मागच्या येळी," त्यांनी सुरुवात केली, "मागच्या येळी बर्फात मीठ टाकाया..." आणि थांबले. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच थांबले. मागं आक्काचा आवाज आला, "काय झालं वो? कुनाचा फोन हाय?" मी फोन कानाला लावून उभी राहिले. बाहेर टेम्पोवाले दार वाजवत होते.

"चूक सुनिताची," शेवटी ते म्हणाले. "लिवलं. धा वाजून पाच मिन्टं."

"बरोबर," मी म्हटलं.